ईश्वरभाव : राज्यात आणि घरात

राजधानी दिल्लीत कनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणारा जो कस्तुरबा गांधी मार्ग आहे, त्याचे पूर्वीचे नाव कर्झन रोड. नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर असल्यामुळे मराठी माणसाची पावले तिकडे अनेकदा वळतात. एक नाव साम्राज्याच्या व्हाइसरॉयचे, दुसरे त्याच साम्राज्याच्या बंदिवासात देह ठेवणाऱ्या एका गृहिणीचे. सत्ता मनुष्याचे काय करते, याचा विचार करण्यास ही दोन नावे पुरेशी आहेत.

लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. तो आळशी राज्यकर्ता नव्हता. प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा १९०४ चा कायदा त्याच्याच कारकीर्दीतला, आणि त्याबद्दल त्याचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु प्रजेचे हित प्रजेपेक्षा आपणास अधिक कळते, अशी त्याची धारणा होती. लोकमताचा तीव्र विरोध असता १९०५ मध्ये त्याने बंगालची फाळणी केली. त्याच वर्षी सरसेनापती किचनेर याच्याशी अधिकारावरून त्याचा कलह झाला, लंडनच्या सरकारने किचनेरची बाजू घेतली, आणि कर्झनला पद सोडावे लागले. पुढे १९११ मध्ये फाळणीही रद्द झाली.

गीतेने सत्तेची सरसकट निंदा केलेली नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. अठराव्या अध्यायात क्षत्रियाच्या स्वभावजन्य कर्मांत ईश्वरभाव, म्हणजे शासन करण्याचे सामर्थ्य, गणलेला आहे. सोळाव्या अध्यायात मात्र स्वतःस सर्वांचा धनी समजणे हे आसुरी वृत्तीचे लक्षण सांगितले आहे. या दोहोंतील सीमारेषा कोठे? कर्झनकडे बोट दाखवून मोकळे होणे सोपे आहे. गृहस्थाचेही एक छोटे राज्य असते, आणि तेथे त्याला विचारणारा बहुधा कोणी नसतो.

गांधीजींनी आपल्या आत्मकथेत १८९८ चा एक प्रसंग निःसंकोचपणे लिहिला आहे. डर्बनच्या त्यांच्या घरी एक कारकून राहत असे. तो अस्पृश्य मानलेल्या कुळात जन्मलेला ख्रिस्ती होता. त्याचे मूत्रपात्र कस्तुरबांनी उचलावे, एवढेच नव्हे तर हसतमुखाने उचलावे, असा पतीचा आग्रह. त्या रडत रडत ते घेऊन जिना उतरू लागल्या. पती संतापला, पत्नीनेही, तुमचे घर तुम्हालाच लखलाभ, अशा अर्थाचे उत्तर दिले. तेव्हा पतीने तिचा हात धरून तिला फाटकापर्यंत ओढत नेले. परक्या मुलखात मी कोठे जाऊ, लाज कशी वाटत नाही, असे तिने विचारताच तो वरमला आणि फाटक लावून घेतले.

येथे तत्त्व कोणाचे खरे होते? अस्पृश्यता मानू नये, हे पतीचेच. आणि तरीही चुकला तोच. सत्तेचा सर्वात सूक्ष्म मोह हाच की ती सत्कार्याचे वस्त्र नेसून येते. मग हुकूम हा उपदेश वाटतो आणि दुसऱ्याचे अश्रू हे त्याचे अज्ञान वाटते. भगवंतांची रीत निराळी. सर्व ज्ञान सांगून झाल्यावर त्यांनी अर्जुनाला आज्ञा दिली नाही. याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर, अशी मोकळीक दिली. रथाचे लगाम हाती असलेल्याने शिष्याच्या बुद्धीचे लगाम त्याच्याच हाती ठेवले.

कस्तुरबांनी पुढे जे केले, ते दरडावणीने घडणारे नव्हते. १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील न्यायालयाने ख्रिस्ती विधीने न झालेले विवाह अग्राह्य ठरवले, तेव्हा त्या स्वतः सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगून आल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत त्यांना अटक झाली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असतानाच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, त्यांनी पतीच्या सान्निध्यात देह ठेवला. त्याच आवारात महादेवभाई देसाई यांच्या समाधीशेजारी त्यांची समाधी आहे.