कॅमेऱ्याची खोटी हाक कमी कशी करायची?



आपल्या गटातल्या बऱ्याच जणींनी आता गोठ्यावर, पिठाच्या गिरणीवर, मसाल्याच्या खोलीवर छोटे कॅमेरे बसवलेत. काही हललं की फोनवर सूचना येते. पण बैठकीत सगळ्यांचं रडगाणं एकच, "ताई, रात्रभर फोन वाजतो. बघावं तर मांजर, नाहीतर चिलट. कंटाळून आवाजच बंद करून टाकला."

मीही तेच केलं होतं. त्याचे पैसे अजून फेडतेय, म्हणून हा धडा लिहायला बसले.

मी पशुसखी आहे. गटाच्या कर्जातून सहा शेळ्या घेतल्या. गोठा घरापासून शंभरेक पावलांवर, म्हणून कॅमेरा लावला. पहिला आठवडाभर फोन वाजला की उठायचे. ताडपत्री हलली, वाजला. रस्त्यावरून मोटारसायकल गेली, वाजला. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, आवाज बंद कर, सकाळी बघत जाऊ." केला बंद. पावसाळ्यात एका रात्री दोन गाभण शेळ्या गेल्या. सकाळी फोन उघडला तर दोन वाजून चाळीस मिनिटांची सूचना त्यात होती. दोन माणसं, एकाच्या खांद्यावर माझी शेळी. कॅमेऱ्यानं हाक मारली होती, मीच कान झाकून झोपले होते.

"लांडगा आला रे आला" ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. गोष्टीतला पोरगा खोटारडा होता. आपला कॅमेरा खोटारडा नाही, त्याला फक्त कशाला हाक मारायची ते कळत नाही. ते त्याला आपणच शिकवायचं.

कॅमेऱ्याला हालचाल कळते कशी?

विजेवर चालणारे बरेचसे कॅमेरे आत्ताचं चित्र आणि क्षणापूर्वीचं चित्र ताडून बघतात. चित्राचा बराच भाग बदलला की त्याला वाटतं काहीतरी हललं. मग ते माणूस असो, सावली असो की दोरीवरची साडी. त्याला फरक फक्त उजेड-अंधाराचा दिसतो.

बॅटरीवर चालणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत उष्णता ओळखणारा भाग असतो. माणसाची किंवा जनावराची ऊब समोरून सरकली की तो जागा होतो. अशा कॅमेऱ्याला आडवं जाणारं माणूस लवकर कळतं, सरळ त्याच्याकडे चालत येणारं उशिरा कळतं. म्हणून तो वाटेच्या तोंडावर न लावता वाट आडवी दिसेल असा लावा. भर उन्हाळ्यात हवाच अंगाएवढी तापते, तेव्हा हा भाग कमी ओळखतो, हेही ध्यानात ठेवा.

आधी नोंदवही, मग सेटिंग

आपण गटात पैशाची नोंद ठेवल्याशिवाय निर्णय घेत नाही. इथंही तसंच करा. दोन रात्रींच्या सगळ्या सूचना सकाळी उघडून बघा आणि वहीत तीन रकाने आखून लिहा: किती वाजता, काय दिसलं, कशामुळे.

मी चोरीनंतर हे केलं. एका रात्रीत ६४ सूचना निघाल्या. त्यात किडे आणि कोळ्याचं जाळं ३१, ताडपत्री १४, गाड्यांचा उजेड ९, कुत्री-मांजरं ६ आणि माणसं ४. ती चार माणसं म्हणजे आम्ही घरचेच. म्हणजे निम्मा त्रास एकट्या किड्यांचा होता, आणि मी दोष देत होते मांजराला. वही नसती तर हे कळलंच नसतं.

कारण तसा उपाय

*किडे आणि जाळी.* अंधारात कॅमेरा स्वतःचा एक उजेड सोडतो. तो आपल्या डोळ्याला दिसत नाही, फार तर बारीक लालसर ठिपके दिसतात. काचेजवळून उडणारं चिलट त्या उजेडात मोठ्या पांढऱ्या गोळ्यासारखं दिसतं. किडे आले की त्यांच्यामागे कोळी येतो आणि काचेपुढेच जाळं विणतो. उपाय दोन. आठवड्यातून एकदा काच मऊ, कोरड्या सुती कापडानं पुसायची आणि आजूबाजूची जाळी झाडूनं काढायची. दुसरं, कॅमेऱ्यापासून आठ-दहा फूट लांब एक छोटा बल्ब लावायचा. किडे बल्बाकडे जातात. बल्बाच्या उजेडात चित्र नीट दिसत असेल तर कॅमेऱ्याचा रात्रीचा उजेड सेटिंगमधून बंद करता येतो.

*वाऱ्यानं हलणाऱ्या वस्तू.* ताडपत्रीची टोकं बांधा, कपड्यांची दोरी दुसरीकडे न्या, समोर आलेली फांदी छाटा. सैल बांबूवर किंवा पत्र्यावर कॅमेरा ठोकू नका. वारा आला की कॅमेराच हलतो, आणि मग त्याला सगळं गावच हलल्यासारखं दिसतं. पक्की भिंत किंवा जाड खांब बघा.

*गाड्यांचा उजेड, ऊन-सावली.* कॅमेरा आठ ते दहा फूट उंचीवर, थोडा खाली झुकवून लावा. रस्ता आणि आभाळ चित्रात जितकं कमी तितकं बरं. उगवतीच्या किंवा मावळतीच्या थेट समोर लावू नका. वळचणीखाली लावला तर पावसाचे थेंबही काचेवर येत नाहीत.

आता फोनमधली सेटिंग

कंपनीप्रमाणे नावं थोडी वेगळी असतात, पण या पाच गोष्टी बहुतेक ॲपमध्ये सापडतात. एका दिवशी एकच बदला, म्हणजे कशानं फरक पडला ते कळेल.

१. जागा ठरवणे. चित्रावर बोटानं चौकोन आखता येतो. दार, खिडकी, गव्हाणीची वाट एवढंच आत घ्या. झाड आणि रस्ता बाहेर ठेवा.

२. संवेदनशीलता. म्हणजे किती लहान हालचालीला वाजायचं. मधोमध ठेवून सुरुवात करा आणि एकेक पायरी खाली या. एकदम तळाला नेऊ नका.

३. माणूस ओळखणे. हे चालू केलं की मांजर-कुत्र्याला फोन सहसा वाजत नाही. पण सावध! जुन्नरसारख्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या येतो. तिथं 'फक्त माणूस' ठेवलं तर बिबट्याची सूचना येणार नाही. अशा गावात जनावराची सूचनाही चालू ठेवा.

४. वेळापत्रक. दिवसा आपण गोठ्यात सतरा वेळा जातो. तेव्हाच्या सूचना बंद, रात्री दहा ते पहाटे पाच चालू, असं ठरवता येतं.

५. दोन सूचनांमधलं अंतर. एकाच हालचालीला दहादा वाजत असेल तर मध्ये एक-दोन मिनिटांचं अंतर ठेवा. फार वाढवू नका, चोराला पाच मिनिटं पुष्कळ होतात.

एक गोष्ट नीट समजून घ्या. सूचना येणं वेगळं आणि चित्रीकरण होणं वेगळं. सूचना कमी केल्या म्हणून रेकॉर्डिंग बंद करायची गरज नाही. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असेल आणि सतत चित्रीकरणाची सोय असेल तर ते चालूच राहू द्या.

आणि कॅमेऱ्याच्या सूचनेला फोनमध्ये वेगळा, मोठा आवाज लावा. व्हॉट्सॲपची 'टिंग' आणि गोठ्याची हाक सारखी वाजली तर झोपेत फरक कळत नाही.

परीक्षा घेतल्याशिवाय विश्वास नाही

सगळं झालं की एका रात्री घरच्यांना सांगून स्वतः चोर व्हा. समोरून जा, मागच्या कुडाकडून जा, वाकून जा, अंगावर घोंगडी घेऊन जा. वाकलेलं किंवा झाकलेलं माणूस कॅमेऱ्याला कधी कधी ओळखू येत नाही. माझ्या गोठ्यात मागच्या बाजूनं गेलं तर फोन वाजलाच नाही. चौकोन फार लहान आखला होता. तो मोठा केला, पुन्हा चालून बघितलं, तेव्हा वाजला. आता रात्रीला पाच-सहा सूचना येतात आणि प्रत्येकीला मी उठते. पावसाळा लागला, पीक वाढलं, वाडा बदलला की ही परीक्षा पुन्हा घ्यायची.

खरी हाक आली तरी एकटीनं काठी घेऊन धावू नका. आधी घरच्यांना, शेजाऱ्यांना उठवा. चोर दिसला तर ११२ वर फोन करा. बिबट्या दिसला तर घरातच थांबा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

शेजारणीचा मान

आपला कॅमेरा शेजाऱ्यांच्या अंगणात किंवा न्हाणीघराकडे बघत नाही ना, हे तपासा. चौकोन आखल्यानं फक्त सूचना थांबते, चित्र तर निघतंच. म्हणून कॅमेराच वळवा. कुणाच्या खाजगी अंगाचं चित्र संमतीशिवाय घेणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कॅमेऱ्याचा आलेला पासवर्डही पहिल्याच दिवशी बदला. मोबाईल नंबर किंवा पोराचं नाव पासवर्ड ठेवू नका.

पुढच्या बैठकीत करायचं काम

- ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी दोन रात्रींची नोंदवही आणावी.
- सर्वात जास्त सूचना कशामुळे आल्या, ते प्रत्येकीनं सांगावं.
- ज्यांना सेटिंग जमत नाही त्यांच्या शेजारी जमणारी एक मैत्रीण बसावी. फोन मात्र जिचा तिनंच हातात धरावा, म्हणजे शिकणं होईल.
- ज्यांनी आवाज बंद करून ठेवलाय, त्यांनी बैठकीतच तो चालू करावा.

माझ्या दोन शेळ्या परत आल्या नाहीत. त्यांचे हप्ते मात्र दर महिन्याला जातात. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. आज रात्री झोपण्याआधी फोनचा आवाज एकदा बघून घ्या.