नाचाचा हंगाम

उर्दूत 'हंगामा' म्हणजे गडबड, गोंधळ. मराठीत मात्र 'हंगाम' म्हणजे मोसम, एखाद्या कामाची योग्य वेळ. पेरणीचा हंगाम असतो, आंब्यांचा हंगाम असतो. नाचाचाही हंगाम असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेला अकोले तालुका आहे. कळसूबाईचे शिखर आणि भंडारदऱ्याचे धरण याच तालुक्यात आहे. या डोंगराळ भागातील काही गावांत होळीनंतर 'बोहाडा' नावाचा उत्सव होतो. गावकरी देव-दानवांचे मुखवटे लावून रात्री नाचतात. मुखवटा म्हणजे नकाब. या वेषांना 'सोंगे' म्हणतात. आरंभी गणपती व सरस्वती यांची सोंगे येतात. मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर रात्र रंगत जाते. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे, हेही पुष्कळ ठिकाणी ठरलेले असते. नाचणारे धंदेवाईक नट नसतात. ते गावातलेच शेतकरी असतात.

हा उत्सव उन्हाळ्यातच का होतो? या दिवसांत भातशेतीची कामे नसतात, म्हणून रात्र जागायला सवड मिळते. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. पावसात लगदा भिजेल आणि मशाल विझेल. शिवाय पाऊस सुरू झाला की सारे गाव भाताच्या कामाला लागते.

भंडारदऱ्याला पर्यटकांची गर्दी होते ती पावसाळ्यात. त्या वेळी एखादा पाहुणा म्हणाला, "आम्हांला आत्ताच बोहाडा दाखवा," तर? तुम्ही म्हणाल, त्यात काय बिघडले? एका दूरच्या बेटाची हकीकत ऐका.

प्रशांत महासागरात वानुआतू नावाचा देश आहे. तेथील पेंटेकोस्ट बेटावर पुरुष पायांना वेली बांधून उंच लाकडी मनोऱ्यावरून खाली उडी घेतात. खाली गावकरी गात नाचत असतात. हे पाहण्यासाठी प्रवासी जहाजेही बेटाजवळ थांबतात. उड्यांचा हंगाम एप्रिल ते जून. तेव्हा वेली रसरशीत व लवचीक असतात. परंतु 1974 साली इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ फेब्रुवारीत तेथे आली. तिच्यासाठी हंगामापूर्वीच उड्यांचा कार्यक्रम ठेवला गेला. वेली अजून तयार नव्हत्या. एका तरुणाच्या वेली तुटल्या. तो जमिनीवर आदळला आणि पुढे मरण पावला.

बोहाड्यात असा जिवाचा धोका नाही. पण धडा तोच आहे. पाहुण्याच्या सवडीने नाच बोलावू नये; नाचाच्या वेळी पाहुण्याने जावे. नाच थोडक्यात दाखवायचा की नाही, आणि त्याचा मोबदला किती घ्यायचा, हे नाचणाऱ्यांना ठरवू द्यावे. बोहाडा पाहायला गेलात, तर सोंगांची वाट अडवू नका. मुखवट्याला हात लावू नका. छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी घ्या. चांगला मेहमान तोच, जो मेजबानाच्या घरची रीत सांभाळतो.

शब्दार्थ : सवड – फुरसत, मोबदला – मुआवजा, रीत – दस्तूर.

स्वाध्याय
1. बोहाडा पावसाळ्यात का होत नाही? दोन कारणे लिहा.
2. पेंटेकोस्ट बेटावरील तरुणाच्या वेली का तुटल्या?
3. तुमच्या गावातील एखादा उत्सव ठरावीक दिवसांतच का होतो, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाच ओळी लिहा.