लाच कुठे जास्त? आकडा कसा वाचावा

चार व्यापारी एकत्र बसले की हा विषय हमखास निघतो. अमुक राज्यात हात ओले केल्याशिवाय कागद हलत नाही, तमुक राज्यात काम सरळ होते. हे खरे आहे काय, आणि खरे असल्यास कारण काय, याचा आज विचार करू.

आधी आकडा पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षी लाचलुचपतीचे सर्वाधिक गुन्हे महाराष्ट्रात नोंदले गेले. म्हणून महाराष्ट्र सर्वांत भ्रष्ट ठरतो काय? नाही. ही मोजणी घेतलेल्या लाचेची नसून पकडलेल्या लाचेची आहे. महाराष्ट्रात तक्रार आली की लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावतो आणि गुन्हा नोंदला जातो. जेथे सापळेच लागत नाहीत तेथे पाटी कोरी राहते. ज्या बाजारात वजनमापाची तपासणीच होत नाही, तेथे खोट्या वजनाचा खटलाही सापडणार नाही.

तरीही फरक असतो. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट क्लिटगार्ड यांनी त्याचे सूत्र मांडले आहे: मक्तेदारी अधिक मर्जी, त्यातून जाब वजा केला की उरतो तो भ्रष्टाचार.

१) मक्तेदारी व मर्जी : परवाना एकाच टेबलावर मिळत असेल आणि तो कधी द्यायचा हे टेबलावरचा माणूस ठरवत असेल, तर लाचेला जागा होते. जकात नाका आठवा. गाडी तपासायची की सोडायची, हे नाक्यावर ठरे. मुंबईत १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, नाके उठले आणि नाक्यावरची देवघेवही उठली. माणसे तीच होती, जागा गेली.

२) बदल्यांचा बाजार : रॉबर्ट वेड यांनी १९८२ साली दक्षिण भारतातील कालव्यांच्या कारभाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे अभियंते चांगल्या जागेच्या बदलीसाठी पैसे मोजत, ते शेतकरी व ठेकेदारांकडून वसूल करीत आणि वाटा वर राजकारण्यांपर्यंत जाई. म्हणजे आपल्यासमोर हात पसरणारा पुष्कळदा स्वतःच कोणाचे तरी देणे फेडत असतो. बदल्या नियमाने होतात तेथे ही साखळी सैल पडते.

३) जाब : कर्नाटकात लोकायुक्तांच्या हाताखाली पोलीस होते. २०११ मध्ये बेल्लारीच्या बेकायदा खाणींवर लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांचा अहवाल आला आणि मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना पद सोडावे लागले. २०१६ मध्ये सरकारने वेगळा विभाग काढून लोकायुक्त पोलिसांचे अधिकार काढून घेतले. ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो विभाग रद्द केला. राज्य एकच, लोक तेच. पण जाब विचारणारा हात कधी बळकट, कधी दुबळा.

यावरून दिसते की एखाद्या राज्याच्या मातीत वा माणसांच्या रक्तात लाच नसते. ती कारभाराच्या घडणीत असते, आणि घडण बदलता येते.

आता आपल्या धंद्यापुरते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. ‘सगळेच देतात’ हा बचाव चालत नाही. मात्र जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत पोलीस वा तपास यंत्रणेला कळवले, तर देणारा सुटतो. आधी कळवून सापळ्यासाठी पैसे दिले तर तोही गुन्हा नाही. महाराष्ट्रात १०६४ या क्रमांकावर तक्रार करता येते. कोणत्या दिवशी, कोणी, कशासाठी, किती मागितले हे वहीत लिहून ठेवा. दुकानाचा हिशेब आपण ठेवतोच, हाही ठेवावा.