पडवीत राहणारी होडी

वेदगंगेच्या काठी होडीचं वेड लागायला फार काही लागत नाही. गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडलेली माणसं आमच्या भागात आजही भेटतात. मी मुरगुडात घराच्या पडवीत फळ्यांची होडी बांधली, तेव्हापासून सुट्टीला आलेला कुणीतरी पोरगा हमखास विचारतो, "काका, मलाही बांधायची आहे. लाकूड कुठलं घेऊ?"

लाकडाचं नंतर बघू. वर्षातले किती महिने होडी पाण्यात राहणार, ते आधी सांगा.

कोकणातली फळ्यांची होडी हंगामभर ओली असते. लाकूड पाणी पिऊन फुगतं, फळी फळीला दाबून बसते आणि सांध्यात ठासलेला काथ्या, कापूस घट्ट होतो. आपल्याकडे सगळं उलटं. पावसाळ्यात वेदगंगेत उतरायचं नावही काढू नये. पाऊस सरल्यावर बंधाऱ्यांना बरगे घातले, की कुरणीच्या बंधाऱ्यामागे शांत पाणी मिळतं. एरवी होडी पडवीत.

पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या होडीच्या तळाच्या फळ्या इतक्या आकसल्या, की सांध्यात रुपयाचं नाणं उभं जाईल. बैलगाडीच्या चाकाची धाव सैल झाली की चाक पाण्यात टाकतात, तोच उपाय इथे चालतो. ओली गोणपाटं आत अंथरा, थोडं थोडं पाणी घाला आणि सांधे आपोआप मिटू द्या. घाई करून फटीत कडक लांबी भरू नका. लाकूड पुन्हा फुगलं की त्याला सरकायला जागा उरत नाही. मग चुका (खिळे) उपटतात नाहीतर आतला वाक, म्हणजे होडीची बरगडी, तडकतो. शिवाय दर वर्षी फुगून-आकसून फळ्यांच्या कडा चेपतात आणि पुढच्या उन्हाळ्यात फट आणखी रुंद होते.

म्हणून वर्षाचा मोठा काळ कोरड्यात काढणाऱ्या होडीला मरीन प्लायवूड आणि इपॉक्सी बरं. शोभा कमी, पण सांधे थोडे आणि हलणारे नाहीत. प्लाय घेताना शिक्का बघा: मरीनचं मानक आयएस 710, साध्या प्लायचं आयएस 303. नुसत्या शिक्क्यावरही विसंबू नका. मला एका दुकानातून मरीन म्हणून आलेल्या प्लायचा वीतभर तुकडा मी पातेल्यात उकळत ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याचे थर पत्त्यांसारखे सुटले. खऱ्या मरीन प्लायला 72 तास उकळण्याची परीक्षा असते. एक तुकडा आधी मागून घ्या, उकळा, मगच पूर्ण शीट उचला. इपॉक्सी भर उन्हात कालवू नका, डब्यातच तापून घट्ट होतं. थोडं थोडं कालवा, हातमोजे घाला.

फळ्यांचीच हवी असेल तर साग उत्तम, पण गाभ्याचा. कडेचा पांढरा भाग आधी कुजतो. ओलं लाकूड स्वस्त मिळतं आणि महाग पडतं. सावलीत, मधे पट्ट्या घालून रचून वाळवायला इंचभर जाडीला वर्ष धरा. लोखंडी खिळे टाळा, ते गंजतात आणि भोवतालचं लाकूड काळं करून पोखरतात. तांब्याच्या चुका आतून वायसरवर ठोकून बसवा.

आमचे गावचे सुतार दार-चौकटीत कुणाला हार जायचे नाहीत, पण होडीत गुण्या फारसा चालत नाही. इथे काटकोन शोधून सापडत नाही. लवचिक, सरळ रेषांची पट्टी घ्या, वाकांवरून फिरवा आणि डोळा खाली नेऊन बघा. पट्टी जिथे वाकाला टेकत नाही किंवा उचलली जाते, तिथे वाकस चालवायचा. फळी चढवल्यावर ही खोट निघत नाही.

नकाशाशिवाय तर सुरूच करू नका. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून 'कौंडिण्य' हे काथ्याने शिवलेलं जहाज गोव्यात बांधलं गेलं. 12 सप्टेंबर 2023 ला त्याचा कणा बसला आणि 21 मे 2025 ला कारवारला ते नौदलात दाखल झालं. जुन्या जहाजाचा नकाशा शिल्लक नव्हता, म्हणून चित्रावरून आराखडा काढून त्याच्या चाचण्या आयआयटी मद्रासला घेतल्या. पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम करणारे केरळचे कारागीर हाताशी असताना जहाज बांधणाऱ्यांनी एवढी काळजी घेतली. आपण तर पडवीतले हौशी. निदान पुठ्ठ्याची लहान प्रतिकृती करा आणि टबात तरंगवून बघा.

वजनाचा हिशोब सोपा आहे. एक घनफूट पाणी साधारण 28 किलोचं. होडी जेवढं पाणी बाजूला सारते तेवढंच वजन पेलते. काठ पाण्याच्या वर वीतभर तरी राहिला पाहिजे, हे धरून माणसं मोजा आणि तो आकडा होडीवर रंगवून ठेवा. पहिल्यांदा कमरेएवढ्या पाण्यात, माणसांऐवजी वाळूची पोती ठेवून बघा. पुढे-मागे बंद हवेचे कप्पे ठेवा, म्हणजे होडी पाण्याने भरली तरी बुडणार नाही. 8 ऑगस्ट 2019 ला महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी खचाखच भरलेली होडी उलटली आणि गावावर केवढा आघात झाला, ते आपल्या सगळ्या भागाने पाहिलं आहे.

आमच्या मुरगूडचा सर पिराजीराव तलाव पिण्याच्या पाण्याचा आहे, तिथे होडी घालण्याचा विचारही परवानगीशिवाय नको. नदीसाठीही नगरपरिषदेत आणि पाटबंधारे खात्यात आधी विचारा. लाकूड घेण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

एवढं सगळं जमणार असेल तर जरूर बांधा. पहिली होडी लहान, सपाट तळाची, दोघांपुरती करा. आणि पोहता येत असो वा नसो, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय तिच्यात पाय ठेवू नका.