जुना मोबाईल : दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

बैलगाडीच्या चाकाची धाव झिजली म्हणून कोणी गाडी मोडीत काढत नाही. लोहाराकडे जाऊन नवी धाव चढवून घेतात. मोबाईलचे मात्र निराळेच झाले आहे. तो जरा कुरकुरू लागला, की घरातली पोरे म्हणतात, "बाबा, हा टाका आता. नवा घ्या." नवा घ्यायला आमची ना नाही. पण दहा-बारा हजार रुपये म्हणजे एखाद्या घरचे बियाणे आणि खत. म्हणून आधी फोनचे दुखणे कोणते, ते ओळखावे.

फोनची दुखणी दोन जातींची. एक वरचे, दुसरे आतले.

वरचे दुखणे म्हणजे बॅटरी, काच, चार्जिंगची खाच. ही बरी होतात. फोनची बॅटरी लिथियमची असते. ती पुन्हा पुन्हा भरून आणि रिकामी होऊन थकते. सुमारे ५०० वेळा पूर्ण भरली, की पुष्कळ बॅटऱ्यांची ताकद पाचव्या हिश्श्याने उतरते. मग सकाळी भरलेला फोन दुपारीच मान टाकतो. बॅटरी बदलली, की तोच फोन पुन्हा दिवसभर चालतो. फोन चार्जच होत नसेल, तर खाचेत खिशातला मळ बसला आहे का ते पाहा. फोन बंद करा. कोरड्या लाकडी काडीने हलक्या हाताने मळ काढा. सुई किंवा टाचणी घालू नका. फोन फार मंद चालत असेल, तर आतली जागा भरली असेल. नको ती चित्रे आणि व्हिडिओ पुसून टाका. (रोज सकाळी फुलांचे चित्र पाठवणाऱ्या पाहुण्यांना काय म्हणावे, ते आम्हांला अजून सुचलेले नाही.)

आता आतले दुखणे. शेताच्या कुंपणाला भगदाड पडते, तशी फोनच्या आतल्या व्यवस्थेतही भगदाडे सापडतात. चोर त्यांतून शिरतात. कंपनी अधूनमधून दुरुस्ती पाठवून ती बुजवते. तिला अपडेट म्हणतात. काही वर्षांनी कंपनी त्या जुन्या फोनला अपडेट पाठवणे बंद करते. मग बॅटरी कितीही नवी घाला, कुंपण उघडेच राहते. पुढे एकेक ॲपही चालेनासे होते. अँड्रॉइड ४ च्या फोनांवर व्हॉट्सॲप बंद झाले, ते असेच.

हे कसे पाहावे? सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' अशी जागा असते. तिथे अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा अपडेटची तारीख लिहिलेली असते. काही फोनांत ती शोधावी लागते. आता तुम्हांला वाचता येते, तेव्हा स्वतः वाचा. तारीख वर्षा-दोन वर्षांपूर्वीची असेल आणि नवे अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर बँकेचा व्यवहार ठेवू नये. बोलायला आणि भजने ऐकायला तो खुशाल ठेवावा.

आमच्या गावात एक बाई दूध घालतात. दुधाचे पैसे बँकेत जमा होतात. ते त्या फोनवर पाहतात. फोन तीन वर्षांचा. बॅटरी टिकेना. दुकानदार म्हणाला, "मावशी, नवा घ्या. १२,००० चा फोन, महिना फक्त १,१०० रुपये, १२ हप्ते." आम्ही पाटीवर हिशेब मांडला. १,१०० गुणिले १२ म्हणजे १३,२००. कागदपत्रांचे ५०० निराळे. एकूण १३,७००. म्हणजे १,७०० रुपये जास्तीचे. इकडे नवी बॅटरी मजुरीसह १,२०० रुपयांना मिळत होती. ती दोन वर्षे चालली तरी महिना ५० रुपये पडतात. फोनमधली तारीख पाहिली, ती दोनच महिन्यांपूर्वीची होती. बाईंनी बॅटरी बदलली. तारीख जुनी निघाली असती, तर आम्हीच त्यांना नवा घ्या म्हटले असते. मात्र पैसे साठवून, रोखीने.

फोन पाण्यात पडून आतला मदरबोर्ड गेला असेल, तर आधी खर्च विचारा. खर्च नव्या फोनच्या निम्म्यावर गेला, तर आमच्या मते दुरुस्तीच्या नादी लागू नये.

दुरुस्तीला देताना सिमकार्ड काढून घ्या. पैशांचा पिन कोणालाही सांगू नका. नव्या बॅटरीची पावती मागा आणि ती किती महिने चालण्याची हमी आहे, ते पावतीवर लिहून घ्या. जुना फोन विकायचा झाला, तर फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घ्या. बँकेचे ॲप काढा आणि सेटिंगमधून सगळा फोन कोरा करा.

बॅटरी फुगून फोनची पाठ वर आली असेल, तर तो चार्जिंगला लावू नका. दाबू नका, टोचू नका. ती पेट घेते. बदललेली जुनी बॅटरी चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. पोरांच्या हाती खेळायलाही देऊ नका. ती दुरुस्तीवाल्याकडेच परत करा.