आधी खिडकी, मग मिरची

जानेवारीतली संध्याकाळ होती. लखनऊहून सीतापूरच्या रस्त्याला लागलं की बख्शी का तालाब लागतं. तिथे हवाई दलाचा तळ आहे, आणि यांच्या बदलीमुळे आमचं बिऱ्हाड तिथल्या क्वार्टरमध्ये होतं. बाहेर कोहरा (धुक्याला तिकडे हेच म्हणतात) इतका दाट, की समोरच्या इमारतीतले दिवे दिसेनात. घरातल्या सगळ्या खिडक्या घट्ट लावलेल्या. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई आतल्या खोलीत रजई पांघरून बसल्या होत्या. त्यांना दम्याचा जुना त्रास.

मुलांना तिखट पास्ता हवा होता. मी अराबियाटा करायला घेतला. रोमकडचा हा प्रकार. नावाचा अर्थच 'रागावलेला'. टोमॅटो, भरपूर लसूण, सुकी लाल मिरची आणि तेल एवढ्यावर होतो, मांसमच्छी लागत नाही आणि अर्ध्या तासात ताटं वाढता येतात. नेमकं शेंगदाण्याचं तेल संपलं होतं. शेजारच्या भाभींनी मोहरीचं तेल दिलं आणि म्हणाल्या, "पहले धुआँ उठने तक गरम कर लेना." त्यांचं बरोबरच होतं, कच्च्या मोहरीच्या तेलाचा उग्रपणा त्यानेच जातो. पण नंतर गॅस बंद करून तेल निवू द्यायचं असतं. मी घाईत तशा धुरावलेल्या तेलातच लसूण आणि मिरचीचे तुकडे टाकले.

मिरची क्षणात काळी पडली आणि ठसका घरभर गेला. मुलं खोकत बाहेर पळाली. मी कढई हलवत राहिले, गॅस बंद करायचं सुचलंच नाही. आतून सासूबाईंची हाक आली, "अगं, श्वास घेता येईना!" त्यांचे ओठ सुकले होते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि इनहेलर कुठल्या पिशवीत आहे ते सापडेना. शेवटी त्यांना दवाखान्यात नेऊन नेब्युलायझरची वाफ द्यावी लागली. रात्री उशिरा त्यांना बरं वाटलं. ती रात्र मी विसरलेले नाही.

आता मी अराबियाटा कसा करते ते सांगते. आधी खिडकी उघडते, थंडी असली तरी. दम्याचं माणूस असेल तर दूरच्या खोलीत बसवते, दार लावते आणि इनहेलर त्यांच्या हाताशी ठेवते. चौघांना 400 ग्रॅम पेने, चार लिटर पाणी, चाळीसेक ग्रॅम मीठ. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा आहे ना ते बघते. हा आपल्या बन्सी गव्हाच्या जातीचा कठीण गहू, त्याचा पास्ता मैद्यासारखा गिच्च होत नाही. पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी उतरवते आणि वाटीभर पाणी राखून ठेवते.

कढईत तेल गार असतानाच लसूण आणि चार-पाच सुक्या मिरच्या घालते, मग मंद आच. रंगाला ब्याडगी, तिखटाला एखादी लवंगी. लसूण जेमतेम सोनेरी झाला की अर्धा किलो चिरलेले टोमॅटो. पंधरा मिनिटांत रस आटतो. त्यात पास्ता आणि राखलेलं पाणी घालून दोन मिनिटं परतते. वरून चीज हवं असेल तर हिरवा ठिपका बघून घ्या, कारण अस्सल पार्मेझान वासराच्या रेनेटवर बनतं.

मोहरीचंच तेल वापरायचं असेल, तर धूर निघाला की गॅस बंद करा आणि तेल पुरतं निवल्यावरच लसूण-मिरची घाला.

एवढं करूनही मिरची जळलीच, तर पहिल्यांदा गॅस बंद. तापलेल्या तेलात पाणी ओतू नका, झाकण ठेवा. माणसांना मोकळ्या हवेत न्या. इनहेलर घेऊनही दम कमी झाला नाही तर वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.