ब्रिज बदलण्याआधी नट बघा

प्रश्न : मुलाकडे स्ट्रॅट धाटणीची स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार आहे. ट्रेमोलोची दांडी दाबून सोडली की सूर ढळलेलेच राहतात. ब्रिज नवा घ्यावा का?
– एक वाचक, कांजूरमार्ग

उत्तर : एवढ्यात खिशात हात घालू नका. दांडी सोडल्यावर किंवा खुंटी पिळताना 'टिक्' असा आवाज येतो का? मग तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या तुकड्याच्या, खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. बऱ्याचदा तक्रार तिथेच मिटते.

तरीही सूर ढळले तर ब्रिज. सहा स्क्रूंवर डोलणारी ही रचना फेंडरने 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टरसोबत आणली. स्वस्त गिटारीत ब्रिजखालचा ठोकळा बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा, बारकासा असतो. पोलादी किंवा पितळी ठोकळ्याने नाद जरा भरीव होतो. चमत्काराची अपेक्षा नको. शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात स्क्रू गंजतात, मग ब्रिजची पट्टी मोकळी डोलत नाही. ते आधी पाहा.

नवा ब्रिज घ्यायचाच तर खरी गोची मापांची. कडेच्या दोन स्क्रूंच्या मध्यांमधलं अंतर मोजा : स्वस्त गिटारीत ते साधारण 52.5 मिमी, जुन्या अमेरिकी मापात 56 च्या पुढे. बॉडीची जाडीही मोजा, नाहीतर ठोकळा मागून बाहेर डोकावेल. धोबीतलावच्या फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात चौकशी करायची तर गिटार सोबतच न्या.

तारा जखडून ठेवणाऱ्या फ्लॉइड रोझ ट्रेमोलोच्या मोहात मात्र पडू नका. त्यासाठी लाकूड कोरावं लागतं, आणि खर्च गिटारीच्या किमतीवर जाईल.